आडोसा, कुंपण आणि सरपण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सजीव कुंपण, वाऱ्यापासून संरक्षण देणाऱ्या झाडांच्या ओळी आणि घरच्या सरपणासाठी राखलेली झाडे, या विषयांवर आलेल्या पत्रांमधील काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून मूळ मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : झाड जमिनीलगत कापले तर ते मरत नाही का? तोडलेल्या खुंटाला पालवी फुटलेली मी पाहिली आहे, परंतु स्वतः वाढवलेल्या झाडावर करवत चालवण्याचे धाडस होत नाही.

उत्तर : आपला संकोच समजण्यासारखा आहे, आणि तो पूर्णपणे सोडूनही देऊ नये, कारण प्रत्येक झाड या कापणीला मानवत नाही. मात्र ज्या जातींना ती मानवते त्यांच्या बाबतीत कापणी हा झाडाचा शेवट नसतो. खोडाच्या सालीखाली अनेक सुप्त डोळे असतात आणि जोपर्यंत वर शेंडा वाढत असतो तोपर्यंत शेंड्यातून खाली येणारी संप्रेरके त्यांना दबवून ठेवतात. खोड कापले की तो दाब नाहीसा होतो, हे डोळे जागे होतात आणि मोठ्या झाडाला पोसण्यासाठी पसरलेली मुळे त्यांत साठवलेल्या अन्नासह मूठभर धुमाऱ्यांच्या सेवेला लागतात. म्हणूनच खुंटावरचा धुमारा पहिल्याच वर्षी अशी उंची गाठतो, की त्याच जातीच्या बियांपासून उगवलेल्या रोपाला तितके वाढायला दोन-तीन वर्षे लागावीत. या पद्धतीला वनशास्त्रात कॉपिसिंग म्हणतात.

ही युक्ती अतिशय जुनी आहे. इंग्लंडमधील सॉमरसेटच्या दलदलीत सापडलेली ‘स्वीट ट्रॅक’ ही लाकडी पायवाट इसवी सन पूर्व 3807 किंवा 3806 या वर्षी बांधली गेली, हे लाकडातील वाढीच्या वलयांवरून ठरवता आले आहे, आणि तिच्यातील सरळ, एकसारख्या काठ्या अशाच फुटव्यांच्या असाव्यात असे त्यांच्या ठेवणीवरून दिसते. सफोक परगण्यातील ब्रॅडफिल्ड वूड्स या रानात 1252 पासून आजवर ही कापणी चालू असल्याची नोंद आहे. ठरावीक काळाने कापले जाणारे झाड न कापलेल्या झाडापेक्षा पुष्कळदा अधिक जगते, कारण त्याच्यावर उंच, जड, वाऱ्याने उन्मळून पडेल असा डोलारा कधी तयारच होत नाही.

प्रश्न : शेताच्या वाऱ्याच्या बाजूला झाडांची एकच ओळ लावण्याइतकी जागा आहे. याच ओळीतून पिकाला आडोसा आणि घराला सरपण अशी दोन्ही कामे साधता येतील का?

उत्तर : सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या दोन कामांमध्ये एक मूलभूत विरोध आहे. आडोशाला सातत्य लागते, तर सरपणाला कापणी लागते. आणि कापणीच्या वर्षी, म्हणजे नेमकी उंची हवी असते तेव्हा, झाड जमिनीला टेकलेले असते. हा विरोध झाडाची जात बदलून मिटत नाही. तो मिटतो तो कोणती ओळ कोणत्या वर्षी कापायची हे लावणीपूर्वीच ठरवल्याने.

प्रथम आडोसा कसा काम करतो ते पाहू. संरक्षणाचे अंतर ओळीच्या उंचीवर अवलंबून असते. आडोशामागे उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा वेग ठळकपणे कमी झालेला जाणवतो आणि वीसपट अंतरापर्यंत त्याचा थोडाफार परिणाम उरतो. सहा मीटर उंचीची ओळ असेल तर साठ मीटरपर्यंत चांगला आणि एकशेवीस मीटरपर्यंत क्षीण, असा हिशेब धरावा. आडोसा भिंतीसारखा गच्च असू नये, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. परंतु गच्च अडथळ्यावरून वारा उसळून वर जातो आणि पलीकडे भोवरे करीत लगेच खाली कोसळतो. ओळीचा चाळीस ते पन्नास टक्के भाग सच्छिद्र असेल, तर थोडा वारा मंदावून आरपार जातो आणि मागची हवा दूरवर शांत राहते.

याउलट खालची बाजू उघडी पडणे हा मोठा दोष आहे. उंच झाडांच्या बुंध्यांमधून, पानांच्या छत्राखालून वारा दाटून वाहतो आणि तेथे त्याचा वेग मोकळ्या शेतातल्यापेक्षाही वाढतो. ओळीच्या टोकांना आणि मधल्या फटीतही तेच घडते. म्हणून ओळ सलग असावी, तिची लांबी उंचीच्या निदान दहापट असावी आणि वाट ठेवायचीच असेल तर ती वाऱ्याच्या दिशेला तिरकी काढावी.

आता आपल्या एका ओळीविषयी. एकुलती ओळ जमिनीलगत कापू नये. एकाआड एक झाड कापावे असा सल्ला काही जण देतात, पण मला तो पटत नाही, कारण दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या झाडांच्या सावलीत मधल्या खुंटाचे धुमारे प्रकाशासाठी ताणून बारीक होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या कापणीनंतर तो खुंट थकतो. ओळीचा एखादा सलग तुकडा कापला तर खिंडार पडते आणि वारा तेथूनच घुसतो. एकाच ओळीतून सरपण घ्यायचे असेल तर झाडांचा शेंडा राखून केवळ बाजूच्या फांद्या, त्याही एका वर्षी एकाच अंगाच्या, काढाव्यात. उत्पन्न कमी मिळेल, पण आडोसा टिकेल.

आणखी चार-पाच मीटर रुंदी सोडता आली तर मात्र सारे चित्र पालटते. वाऱ्याच्या बाजूला झुडपांचे दाट कुंपण, मध्ये कधीही न कापायच्या उंच झाडांची ओळ आणि शेताच्या बाजूला सरपणाच्या दोन ओळी, अशी रचना करावी. सरपणाच्या ओळींपैकी एक आज कापली तर दुसरी चक्राच्या अर्ध्या काळाने, म्हणजे आठ वर्षांचे चक्र असल्यास चार वर्षांनी, कापावी. मधली ओळ उंची सांभाळते, आणि तिच्या बुंध्यांपाशी जी मोकळी फट राहिली असती ती खुंटांवरच्या दाट फुटव्याने भरून निघते. येथे कापणी आडोशाच्या विरोधात न जाता त्याला पूरक ठरते, आणि मला स्वतःला या साऱ्या विषयातील ही सर्वांत समाधान देणारी गोष्ट वाटते. मधली ओळ फार दाट पर्णसंभाराची नसावी, एवढे मात्र पाहावे. अन्यथा सरपणाच्या ओळींना ऊन मिळणार नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी चाळीस झाडे कापली. निम्म्या खुंटांना फुटवा आला नाही, काहींना येऊन वाळला, आणि राहिलेले बकऱ्यांनी खाल्ले. कोठे चुकले?

उत्तर : आपण दिलेल्या तपशिलावरून तीन वेगवेगळी कारणे दिसतात.

आपण झाडे कापली ती नवी पालवी पूर्ण उमलल्यानंतर. त्या वेळी मुळांतील साठा पाने घडवण्यात खर्च झालेला असतो आणि पानांनी तो परत भरून दिलेला नसतो. अशा क्षणी कापलेल्या झाडाला फुटण्यासाठी शिल्लक फारच थोडी असते. कापणीचा योग्य काळ म्हणजे पाने गळून झाड विश्रांतीत गेल्यापासून डोळे फुगू लागेपर्यंतचा. थंड प्रदेशांत तो हिवाळा असतो. ज्या प्रदेशांत पाऊस ऋतूनुसार येतो तेथे कोरड्या काळात, पण येणाऱ्या पावसाचा लाभ कोवळ्या धुमाऱ्यांना मिळेल अशा बेताने कापावे. याच काळात पक्ष्यांची घरटीही सहसा कमी असतात, तरीही करवत लावण्यापूर्वी झाड नीट पाहून घ्यावे.

दुसरे कारण कापण्याच्या रीतीत आहे. कुऱ्हाडीच्या बोथट घावांनी खुंट पिंजला गेला आणि साल लाकडापासून सुटली, असे आपण लिहिले आहे. सुप्त डोळे सालीखालीच असल्याने साल सुटली की फुटव्याची जागाच नाहीशी होते. काप धारदार करवतीने घ्यावा, तो गुळगुळीत आणि किंचित उतरता असावा म्हणजे पाणी खुंटाच्या मध्यावर साचणार नाही, आणि उतार खुंटसमूहाच्या बाहेरच्या बाजूला असावा. उंची जमिनीपासून पाच ते पंधरा सेंटीमीटर पुरते. फार उंच खुंटावरचे धुमारे वरच्या कडेला चिकटल्यासारखे वाढतात आणि वाऱ्याने उपटून निघतात, तर जमिनीलगतच्या धुमाऱ्यांना बळकट आधार मिळतो.

वयाचाही विचार करावा लागेल. आपली काही झाडे पंचवीस-तीस वर्षांची होती. साल जाड आणि खरखरीत झाली की सुप्त डोळ्यांना ती भेदून बाहेर येणे कठीण जाते, म्हणून पहिली कापणी झाड तरुण असताना, बुंधा मनगटाएवढा किंवा फार तर मांडीएवढा असताना व्हावी. एकदा सवय लागलेला खुंट पुढे कितीही जुना झाला तरी सहसा फुटतो.

बकऱ्यांविषयी काय सांगावे? पहिली दोन वर्षे धुमारे राखले नाहीत तर उरलेली सारी काळजी वाया जाते, कारण वारंवार खाल्ला जाणारा खुंट मुळांतील साठा संपवून मरतो. पक्के कुंपण शक्य नसेल तर कापलेल्या काटेरी फांद्यांचा ढीग प्रत्येक खुंटावर रचावा. जे खुंट अजून हिरवे आहेत ते सोडून देऊ नका. पुढच्या पालवीच्या काळापर्यंत वाट पाहा, आणि मेलेल्या खुंटांच्या जागी नवी रोपे लावा.

प्रश्न : या कामासाठी कोणत्या जाती निवडाव्यात?

उत्तर : रुंद पानांच्या बहुतेक झाडांना फुटवा येतो, सूचीपर्णी झाडांपैकी बहुतेकांना येत नाही, यू आणि किनारी रेडवूड हे त्यांतले अपवाद. उष्ण प्रदेशांत सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी, साग आणि कडुनिंब उत्तम फुटतात, तर समशीतोष्ण प्रदेशांत हेझल, ॲश, चेस्टनट, विलो आणि ओक. सुरू आडोशासाठी नावाजलेला असला तरी त्याच्या नेहमीच्या जातीचे खुंट नीट फुटत नाहीत; तो कापायचा असेल तर पुन्हा लावण्याची तयारी ठेवावी.

गिरिपुष्पाची दीड-दोन मीटरची जाड फांदी जमिनीत रोवली तरी रुजते, त्यामुळे कुंपणाचा खांब आणि झाड एकाच वेळी मिळतात. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात आणि पाला हे उत्तम हिरवळीचे खत आहे. मात्र बिया व साल विषारी असल्याने उंदीर मारण्यासाठी त्यांचा उपयोग होत आला, आणि ‘उंदीरमारी’ हे नाव त्यातूनच पडले. सुबाभळीच्या शेंगा वेळीच काढल्या नाहीत तर ती बियांनी इतकी पसरते की पुढे आवरणे कठीण होते. निलगिरी झपाट्याने वाढते, पण तितक्याच झपाट्याने पाणीही ओढते, म्हणून कोरडवाहू पिकाच्या अगदी कडेला ती लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच जातीची ओळ दिसायला देखणी असली तरी एखाद्या रोगाने सारी एकदम जाऊ शकते. तीन-चार जाती मिसळाव्यात.

प्रश्न : घरची वर्षभराची गरज भागवण्यासाठी किती झाडे लागतील?

उत्तर : निश्चित आकडा जमीन, पाणी आणि जात यांवर ठरतो. एका हेक्टरमधून वर्षाला मिळणारे कोरडे लाकूड दोन-तीन टनांपासून दहा-बारा टनांपर्यंत कितीही असू शकते. तरीही हिशेबाची रीत दाखवण्यासाठी एक उदाहरण घेतो. घराला वर्षाला वाळलेले तीन टन सरपण लागते असे धरू. त्यात वीस टक्के पाणी असल्याने निव्वळ लाकूड 2.4 टन झाले. हेक्टरी सहा टन उत्पन्न धरल्यास 0.4 हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर जागा लागेल. दोन बाय दोन मीटरवर लावल्यास त्यात हजार झाडे बसतात. आठ वर्षांचे चक्र ठेवले तर जागेचे आठ समान तुकडे पाडून दर वर्षी एक तुकडा, म्हणजे सव्वाशे झाडे कापावीत.

पहिला तुकडा पाचव्या वर्षी कापला, दुसरा सहाव्या वर्षी, असे करीत गेल्यास आठवा तुकडा बाराव्या वर्षी येतो आणि तेराव्या वर्षी पहिल्या तुकड्यावर पूर्ण आठ वर्षांचे लाकूड उभे असते. पहिली चार वर्षे काहीच मिळणार नाही आणि त्यानंतरची काही वर्षे थोडे कमी मिळेल, हे आधीच गृहीत धरावे. घाई करून दोन तुकडे एकदम कापल्याने पुढे एक वर्ष रिकामे जाते. प्रत्येक तुकडा सलग आणि उन्हाला मोकळा असावा. कापणीनंतर एका खुंटावर वीस-तीस धुमारे येतात, त्यांपैकी बरेचसे आपोआप मागे पडतात. बारीक सरपण हवे असेल तर त्यांना हात लावू नये. जाड लाकूड हवे असेल तर दुसऱ्या वर्षी विरळणी करून, खुंटाच्या वेगवेगळ्या बाजूंचे तीन-चार जोमदार धुमारे राखावेत.

पाला आणि बारीक डहाळ्या मात्र जागेवरच सोडाव्यात. झाडातील पोषकद्रव्यांचा मोठा हिस्सा त्यांत असतो, आणि तोही दर खेपेला उचलून नेला तर जमीन कस गमावते.

प्रश्न : आमचे कुंपण वरून दाट असले तरी खालून पार उघडे झाले आहे. काय करावे?

उत्तर : वर्षानुवर्षे फक्त वरून आणि सरळ उभी छाटणी केल्याचा हा परिणाम आहे. वरचा भाग रुंद होऊन खाली सावली करतो आणि सावलीतल्या फांद्या वाळतात. कुंपण नेहमी पायथ्याशी रुंद आणि माथ्याकडे निमुळते छाटावे, म्हणजे खालपर्यंत ऊन पोहोचते.

बिघडलेल्या कुंपणावर दोन उपाय आहेत. पहिला, झुडपे फुटणाऱ्या जातीची असतील तर ती योग्य काळात जमिनीपासून वीतभर उंचीवर कापून कुंपण नव्याने वाढवणे. मात्र दोन-तीन वर्षे तात्पुरते तारेचे कुंपण लागेल. दुसरा उपाय कौशल्याचा आहे. प्रत्येक खोड पायथ्याशी तिरके, जवळजवळ आरपार कापून, साल आणि लाकडाची एक पातळ पट्टी शिल्लक ठेवून ते ओळीच्या दिशेने तिरके लवंडायचे आणि मध्ये रोवलेल्या खुंट्यांमध्ये गुंतवायचे. त्या पट्टीतून रस वाहत राहिल्याने लवंडलेले खोड जगते, त्याच्यावर उभे फुटवे येतात आणि खालच्या कापातूनही नवे धुमारे निघतात. उतारावर खोडे चढाच्या बाजूला लवंडावीत. नवे कुंपण लावणाऱ्यांनी दोन ओळींत, तीस ते पंचेचाळीस सेंटीमीटरवर, एका ओळीतील रोप दुसरीतील फटीसमोर येईल असे लावावे, आणि पहिल्याच वर्षी निम्म्यापर्यंत छाटण्यास कचरू नये.

प्रश्न : गुरे मोकळी फिरतात, कुंपण परवडत नाही. तरी सरपण घेता येईल का?

उत्तर : येईल. गुरांचे तोंड पोहोचणार नाही अशा, म्हणजे दोन ते तीन मीटर उंचीवर झाडाचा माथा छाटावा. धुमारे तेथे फुटतात. सुरुवात बुंधा दहा-पंधरा सेंटीमीटर जाड असताना करावी आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्याच जागेवर, जुन्या गाठीच्या खाली न जाता कापावे. बरीच वर्षे न छाटलेल्या अशा झाडाचा माथा एकदम उतरवू नये; तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हलका करावा.

प्रश्न : लाकूड कापून तीन महिने झाले, तरी चुलीत धूरच होतो. लाकडाची जात वाईट आहे का?

उत्तर : जातीला दोष देण्यापूर्वी पाण्याचा हिशेब पाहू. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. अशा एक टन लाकडात पाचशे किलो निव्वळ लाकूड असते आणि ते वीस टक्के ओलाव्यापर्यंत वाळले की वजन 625 किलो भरते. म्हणजे 375 लिटर पाणी हवेत जायला हवे. पूर्ण कोरड्या लाकडाच्या प्रत्येक किलोतून सुमारे अठरा ते वीस मेगाज्यूल उष्णता मिळते आणि हा आकडा जातींनुसार फारसा बदलत नाही. बदलते ती घनता, म्हणून जड लाकडाचा एक ओंडका हलक्या लाकडाच्या तेवढ्याच ओंडक्यापेक्षा अधिक वेळ जळतो. ओल्या लाकडात पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते हे खरे, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे ज्वाळेचे तापमान घटते आणि लाकडातून निघणारे वायू न जळताच धूर होऊन जातात. तोच धूर धुराड्यात डांबरासारखा थर धरतो आणि तो थर पुढे पेटू शकतो. घरातील माणसांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना होणारा त्रास तर वेगळाच.

लाकूड कापल्यावर लगेच, ओले असतानाच हव्या त्या लांबीचे तुकडे करावेत आणि मनगटापेक्षा जाड तुकडे फोडावेत, कारण सालीतून पाणी फार सावकाश बाहेर पडते. रास जमिनीपासून वीतभर उंच, वाऱ्याला मोकळ्या जागी रचावी. वरून छप्पर असावे पण बाजू उघड्या ठेवाव्यात. प्लास्टिकने चारी बाजूंनी गुंडाळलेली रास आतून कुजते. फोडलेल्या हलक्या लाकडाला एक पूर्ण कोरडा हंगाम पुरतो, घट्ट लाकडाला पुष्कळदा दोन लागतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज येणे, टोकांना तडे जाणे आणि साल सुटू लागणे ही वाळल्याची चिन्हे आहेत. खात्रीचा उपाय म्हणजे दोन-चार तुकड्यांवर खूण करून दर पंधरा दिवसांनी वजन करणे. वजन घटणे थांबले की लाकूड तयार झाले. दर वर्षीची कापणी पुढच्या वर्षासाठी आहे, असे मानून एक रास नेहमी पुढे राखावी.

प्रश्न : कुंपणाची छाटलेली कण्हेर आणि शेर जाळता येईल का?

उत्तर : कण्हेर मुळीच जाळू नये. तिचे सर्व भाग विषारी आहेत आणि धूरही बाधतो. छाट गुरांच्या वाटेत पडू देऊ नये. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून तो छाटताना चष्मा आणि हातमोजे वापरावेत आणि ओल्या फांद्या चुलीपाशी आणू नयेत.

प्रश्न : एका खुंटावर पाच-सहा जाड खोडे आहेत. ती कोणत्या क्रमाने कापावीत?

उत्तर : बाहेरच्या खोडांपासून सुरुवात करून आत जावे. अशी खोडे प्रकाशासाठी बाहेर झुकलेली असतात आणि त्यांच्या वरच्या अंगात ताण असतो. ताणाच्या बाजूने एकदम काप घेतला तर खोड उभे चिरत वर जाते आणि मागच्या माणसाला जोरात आदळते. म्हणून प्रथम झुकावाच्या, म्हणजे खालच्या अंगाने थोडा काप घ्यावा, आणि मग वरच्या अंगाने, खोडाच्या रेषेत मागे उभे न राहता, काम पूर्ण करावे. पहिल्या खेपेला काप जमिनीपासून हातभर उंचीवर घ्यावा. खोडाचे वजन उतरल्यावर उरलेला खुंट सावकाश, स्वच्छ आणि योग्य उंचीवर कापता येतो. अनेक ठिकाणी ठरावीक जातींची झाडे तोडण्यास परवानगी लागते, ती या कामापूर्वी घेतलेली असावी.